वाचकांचे प्रश्न : न दिसणारे पान वाचताना

अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठीच्या वाचन-उपकरणांविषयी आलेली पत्रे एकमेकांशी जोडलेली असल्यामुळे या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त करून छापली आहेत.

प्रश्न : आम्ही अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील चौघी विद्यार्थिनी अंध व्यक्तींसाठी वाचणारा चष्मा तयार करीत आहोत. चष्म्याच्या दांडीवर छोटा कॅमेरा, कमरेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, अक्षरओळखीसाठी टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर आणि कानात आवाज अशी रचना आहे. प्रयोगशाळेत छापील मराठी पानातील बहुतेक शब्द बरोबर येतात. मात्र ओळखीच्या एका अंध शिक्षकांनी तो वापरून पाहिला आणि ‘यापेक्षा कुणाकडून तरी वाचून घेतलेले बरे’ असे सांगून परत केला. आम्ही कुठे कमी पडलो? (सांगली)

उत्तर : आपल्या पत्रावरून तरी अक्षरओळखीत आपण फारशा कमी पडलेल्या दिसत नाहीत. प्रयोगशाळेत कॅमेऱ्यासमोर पान धरणारी व्यक्ती डोळस होती आणि उपकरणाचे अर्धे काम तिने नकळत करून टाकले होते. पान उलटे नाही, कोपरा चौकटीबाहेर गेलेला नाही, हाताची सावली पडलेली नाही, समोर मागची कोरी बाजू आलेली नाही, हे सगळे तिने एका नजरेत पाहून घेतले. त्या शिक्षकांना यातले काहीही कळण्याची सोय आपल्या चष्म्यात नव्हती. कानात अर्धवट वाक्ये येऊ लागली तेव्हा दोष पानाचा, कॅमेऱ्याचा की आपल्या मानेचा, हे त्यांनी कसे ओळखावे? कॅमेऱ्याला काय दिसते आहे हे न पाहणाऱ्या माणसाला कसे सांगायचे, हा या उपकरणाच्या रचनेतला सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि बहुतेक विद्यार्थी-प्रकल्प नेमका तोच बाजूला ठेवून अचूकतेच्या टक्केवारीवर वर्ष घालवतात. टक्केवारी प्रकल्प-अहवालात छान दिसते, हे त्यामागचे एक कारण असावे.

२००६ साली अमेरिकेतील नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड ही संस्था आणि संशोधक रे कुर्झवाइल यांनी हातात धरून वापरता येणारे वाचनयंत्र आणले. डिजिटल कॅमेरा आणि खिशात मावणारा संगणक यांची ती जोडगोळी होती. वाचनासाठी छायाचित्र घेण्याआधी चौकटीचा अहवाल मागण्याची सोय त्यात होती. पानाच्या कोणत्या कडा दिसतात आणि पान किती तिरके आहे, हे यंत्र बोलून सांगत असे. आपल्याकडेही हे करता येईल. कॅमेऱ्याच्या कमी तपशिलाच्या चित्रातून पानाच्या चार कडा सतत शोधत राहणे रास्पबेरी पायला जड नाही. मात्र हात हलत असताना शब्दांनी मार्गदर्शन करू नये, कारण ‘थोडे वर घ्या’ हे वाक्य पूर्ण होईपर्यंत हात आणखी कुठेतरी गेलेला असतो. हालचाल चालू असताना सूर किंवा कंप वापरावा आणि हात थांबल्यावरच ‘उजवी कड कापली गेली आहे’ असे सांगावे.

आता कॅमेरा. टेसरॅक्टला इंचाला सुमारे ३०० बिंदू मिळाले की ते चांगले चालते. ए-४ आकाराचे पान तेवढ्या तपशिलाने टिपण्यासाठी सुमारे २४८० गुणिले ३५०८, म्हणजे जवळजवळ ८७ लाख बिंदू लागतात, आणि तेही पानाने चौकट काठोकाठ भरली तरच. रास्पबेरी पायचा पहिला कॅमेरा २५९२ गुणिले १९४४ बिंदूंचा आहे. त्यात पूर्ण पान बसवले की इंचाला फार तर सव्वादोनशे बिंदू उरतात. शिवाय त्याचा फोकस एकाच अंतराला बांधलेला असतो, त्यामुळे मान थोडी पुढे झुकली तरी बारीक अक्षरे पुसट होतात. २०२३ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत सुमारे १ कोटी २० लाख बिंदू आणि स्वतः जुळवून घेणारा फोकस आहे. जुना कॅमेरा वापरत असाल तर आधी तो बदलावा.

मात्र त्याहीपूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा : चष्माच का? डोळस माणूस पानाकडे तोंड करून वाचतो, म्हणून कॅमेरा डोळ्याजवळ हवा असे आपल्याला वाटते. जन्मापासून अंध असलेल्या व्यक्तीला पानाकडे चेहरा वळवण्याचे काही कारणच पडलेले नसते. तिला पान हातांनी सापडते. पुस्तके, पत्रे आणि अर्ज वाचायचे असतील तर घडी घालता येणारा तीस-पस्तीस सेंटिमीटर उंचीचा स्टँड आणि त्याच्या तळाशी पान टेकवण्यासाठी काटकोनी पट्टी एवढ्यानेच चौकटीचा प्रश्न जवळजवळ संपतो, कारण पान जागेवर आहे हे बोटांना कळते. पाट्या, फलक आणि दुकानातील नावे यांसाठी चष्म्यावरचा कॅमेरा उपयोगी आहे. इस्रायलमधील ऑरकॅम कंपनीच्या चष्म्याला चिकटणाऱ्या, अवघ्या २२.५ ग्रॅम वजनाच्या उपकरणात वापरणाऱ्याने बोट दाखवले की ते बोट शोधून तिथला मजकूर वाचला जातो, आणि हा मार्ग हुशारीचा आहे, कारण त्यात हाताचे ज्ञान कॅमेऱ्याच्या मदतीला येते. अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये याच्याही पुढे जाऊन कॅमेरा अंगठीसारखा बोटातच घालण्याचा प्रयोग झाला. बोट ओळीवरून घसरले की कंप जाणवत असे. कल्पना देखणी आहे, परंतु न दिसणाऱ्या सरळ रेषेवर बोट चालवत ठेवण्याचे श्रम ती वाचकाच्याच माथी मारते, म्हणून लांब मजकुरासाठी ती मला पटत नाही.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. पूर्ण पानाची अक्षरओळख होईपर्यंत अनेक सेकंद जातात आणि तेवढा वेळ उपकरण गप्प राहिले तर ते काम करते आहे की बंद पडले, हे कळत नाही; म्हणून काम चालू असताना मंद टिकटिक ऐकू यावी आणि पहिला परिच्छेद तयार होताच वाचन सुरू व्हावे, बाकीचा मजकूर मागून येत राहील. ‘मागचे वाक्य पुन्हा’, ‘पुढचा परिच्छेद’, ‘हा शब्द अक्षर सुटे करून सांग’ आणि ‘थांब’ या चार आज्ञांसाठी बोटांना वेगवेगळ्या लागतील अशा खऱ्या कळा द्याव्यात. बोलण्याचा वेग वाढवता आला पाहिजे. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, सवयीने वापरणारे नेहमीच्या बोलण्याच्या दुप्पट वेगानेही सहज ऐकतात, आणि त्या वेगाला गोड मानवी आवाजापेक्षा कोरडा यांत्रिक आवाज अनेकदा स्पष्ट राहतो. दोन्ही कान बुजवणारे हेडफोन देऊ नयेत, कारण अंध व्यक्तीला आजूबाजूची खबर कानांतूनच मिळते. आणि त्या शिक्षकांना भेटून ते दिवसभरात नेमके काय वाचतात ते विचारून घ्यावे. उत्तरपत्रिका, परिपत्रके आणि बँकेची पत्रे असे उत्तर आले, तर आपला चष्मा कदाचित एक स्टँड होईल.

प्रश्न : संगणकाचा आवाज येण्यापूर्वी अंध लोकांसाठी छापील मजकूर वाचणारी यंत्रे होती का? असल्यास ती आज का दिसत नाहीत? (डोंबिवली)

उत्तर : होती, आणि त्यांतले पहिले पहिल्या महायुद्धाच्याही थोडे आधीचे आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात काम करणारे फूर्निए द’आल्ब यांनी प्रकाशानुसार विद्युतरोध बदलणाऱ्या सेलेनियमचा उपयोग करून ऑप्टोफोन बनवला. छापील ओळीवरून प्रकाशाचे ठिपके सरकत आणि अक्षराचा कोणता भाग कोणत्या उंचीवर आहे त्यानुसार वेगवेगळे सूर उमटत. यंत्र अक्षर ओळखत नसे. सुरांच्या जुळणीवरून ते ओळखायचे ते ऐकणाऱ्याने. सुरुवातीच्या प्रात्यक्षिकांत मिनिटाला जेमतेम एखादा शब्द वाचला जाई. पुढे मेरी जेमसन या अंध वाचक स्त्रीने सरावाने मिनिटाला साठ शब्दांपर्यंत मजल मारली, परंतु एवढा सराव करणारे फारसे कुणी निघाले नाही. ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउड कंपनीने पुढे केलेली सुधारणा लक्षात घेण्यासारखी आहे : मूळ यंत्रात पांढरा कागद गात असे आणि काळी शाई गप्प राही, त्यांनी ते उलटे केले आणि अक्षरच ऐकू येऊ लागले.

दुसरे यंत्र ऑप्टाकॉन. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे विद्युत-अभियंता जॉन लिनव्हिल यांची मुलगी कँडी लहानपणीच अंध झाली होती. जर्मनीत असताना सुयांच्या ठोक्यांनी अक्षरे उमटवणारे वेगवान मुद्रणयंत्र त्यांनी पाहिले आणि कागदाऐवजी तिथे बोट ठेवले तर अक्षर हाताला कळेल, असे त्यांच्या मनात आले. जेम्स ब्लिस यांच्यासह त्यांनी घडवलेले उपकरण १९७१ मध्ये बाजारात आले. उजव्या हाताने छोटा कॅमेरा ओळीवरून न्यायचा आणि डाव्या हाताची तर्जनी १४४ थरथरणाऱ्या सुयांच्या जाळीवर ठेवायची. कॅमेऱ्याला दिसलेले अक्षर त्याच आकारात बोटाखाली थरथरते. बॅटरीवर चालणारे आणि सोबत नेता येणारे हे यंत्र कोणत्याही भाषेच्या आड येत नसे, कारण त्याला भाषा येतच नव्हती. बेरजेची चिन्हे, शब्दकोड्याची चौकट, सहीची वळणे, सगळे जसेच्या तसे बोटाखाली येई. आज मजकूर वाचणारी बहुतेक ॲप्स पानाची मांडणी गिळून फक्त शब्द ऐकवतात, तेव्हा हा गुण नाहीसा झाल्याची हळहळ वाटते.

ऑप्टाकॉन मागे पडले ते वेगामुळे आणि शिकण्याच्या कष्टांमुळे. दरम्यान १३ जानेवारी १९७६ रोजी कुर्झवाइल यांनी बोलणारे वाचनयंत्र लोकांसमोर आणले होते. सपाट काचेवर पान ठेवायचे, यंत्राने अनेक वळणांची छापील अक्षरे स्वतः ओळखायची आणि मोठ्याने वाचायचे. ते टेबलभर पसरणारे आणि अतिशय महाग होते, त्यामुळे दीर्घकाळ ग्रंथालये आणि संस्थांमध्येच राहिले. तरीही ऐकायला शिकावे लागत नव्हते, ही त्याची बाजू भक्कम ठरली. ऑप्टाकॉनचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले.

प्रश्न : आमच्या शाळेतील नववीची अंध विद्यार्थिनी फोनवरच्या ॲपने पुस्तके वाचते. इंग्रजी धडा जवळजवळ निर्दोष ऐकू येतो, मराठी धड्यात मात्र ॲप पावलोपावली अडखळते. असे का होते? आणि फोन वाचून दाखवत असताना ब्रेल शिकण्यात वेळ का घालवायचा, असे तिचे पालक विचारतात. त्यांना काय सांगावे? (लातूर)

उत्तर : रोमन अक्षरे एकमेकांपासून सुटी उभी असतात. देवनागरीत शिरोरेषा शब्दातील अक्षरे एकत्र बांधते, तिच्यावर मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि रफार बसतात, खाली उकार लोंबतात, आणि जोडाक्षरांत दोन-तीन व्यंजने एकमेकांत मिसळून तिसराच आकार घेतात. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील बिद्युतबरन चौधुरी आणि उमापद पाल यांनी १९९७ मध्ये बांगला आणि देवनागरी वाचणारी पद्धत मांडली, तेव्हा शिरोरेषा शोधून ती पुसणे, खालची अक्षरे सुटी करणे आणि वरखालची चिन्हे नंतर जोडणे हाच मार्ग होता. आता संपूर्ण ओळ एकदम वाचायला शिकवलेली न्यूरल जाळी, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणकी रचना, वापरतात. टेसरॅक्टने २०१८ मधील चौथ्या आवृत्तीपासून तेच केले. यामुळे चुका पुष्कळ कमी झाल्या, तरी ज्या उरल्या त्या नेमक्या मराठीत अर्थ फिरवणाऱ्या आहेत. पातळ कागदावर अनुस्वाराचा ठिपका निसटला की ‘घरांत’चे ‘घरात’ होते आणि वाचक अनेकवचन गमावतो. ज्याला प्रामुख्याने हिंदी मजकूर दाखवून शिकवले आहे अशा सॉफ्टवेअरच्या ओळखीत ‘ऱ्य’ नसतो, मग आचाऱ्यांना दिलेले आमंत्रण आचार्यांना जाते. ‘ळ’चीही तीच गत होते.

अक्षरे बरोबर ओळखली गेली तरी उच्चाराचा टप्पा राहतो. ‘चार’मधला आणि ‘चाक’मधला च, ‘जनता’मधला आणि ‘जड’मधला ज आपण वेगवेगळे म्हणतो, लिपी मात्र तो फरक दाखवत नाही, म्हणून आवाज तयार करणाऱ्या प्रणालीला शब्दागणिक माहिती पुरवावी लागते. ‘इ. स.’ किंवा ‘रु.’ यांतील बिंदूला ती वाक्याचा शेवट समजून थांबते.

आपल्या विद्यार्थिनीसाठी लगेच करता येण्यासारखे असे : ॲपमध्ये भाषा निवडण्याची सोय असेल तर हिंदी काढून मराठी आणि इंग्रजी एवढ्याच ठेवाव्यात. पुस्तकाचे पान मध्यशिवणीजवळ दाबून सपाट करावे, कारण तिथल्या वळणात ओळीची शेवटची अक्षरे जातात. धड्याची पीडीएफ मिळाली आणि स्क्रीन रीडर तिच्यातून अर्थहीन रोमन अक्षरे वाचू लागला, तर ती फाइल युनिकोड ही सर्व लिप्यांची समान संकेतपद्धत रुळण्यापूर्वीच्या, ‘श्रीलिपी’ किंवा ‘आकृती’सारख्या फॉन्टमध्ये रचलेली असण्याचा संभव आहे. डोळ्यांना मराठी दिसते, आत मात्र दुसरेच संकेत असतात. अशा वेळी ती फाइल चित्र समजून तिच्यावर अक्षरओळख चालवणे हाच सोपा उपाय ठरतो.

पालकांना सांगावे की ऐकून मजकूर कळतो, शुद्धलेखन कळत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच लागतात, आणि बीजगणितातील कंस कानाने सांभाळणे तर फारच कठीण असते. भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल १९५१ पासून आहे, आणि आता ब्रेलचे जाडजूड खंडच वाहावे लागतात असेही राहिलेले नाही. ऑर्बिट रीडर किंवा दिल्लीच्या आयआयटीत विकसित झालेले, २०१९ मध्ये आलेले डॉटबुक यांसारख्या उपकरणांत ठिपके वरखाली होऊन एकेक ओळ बोटांखाली बदलत जाते. नववीच्या मुलीला ऐकणे आणि ब्रेल ही दोन्ही साधने हवीत.

प्रश्न : मी निवृत्त बँक अधिकारी आहे. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याच्या मध्यभागाची झीज झाल्याने वर्तमानपत्र वाचता येत नाही, पण घरात वावरताना अडचण नाही. मुलगा परदेशातून वाचणारा महागडा चष्मा पाठवतो म्हणतो. घ्यावा का? (नाशिक)

उत्तर : इतक्यात घेऊ नये. आपली कडेची दृष्टी शाबूत आहे आणि ती वाचनाला लावता येते. नेत्ररुग्णालयांतील अल्पदृष्टी विभागात मजकूर किंचित बाजूला धरून पाहण्याचा सराव करून घेतात आणि योग्य शक्तीचे भिंग किंवा पडद्यावर अक्षरे मोठी करून दाखवणारे हातातले यंत्र वापरून पाहू देतात. अशा यंत्रात काळ्यावर पांढरी किंवा पिवळी अक्षरे करता येतात, आणि आपल्यासारख्यांना नुसत्या मोठ्या आकारापेक्षा या रंगबदलाचा उपयोग अनेकदा जास्त होतो. तोपर्यंत फोनमधील भिंग आणि अँड्रॉइडवरील लुकआउट किंवा मायक्रोसॉफ्टचे सीइंग एआय ही मोफत ॲप्स वापरून पाहावीत. पुरवणीतील लेख ऐकावा, मथळे स्वतः वाचावेत, अशी विभागणी पुष्कळांना मानवते. एवढे करूनही हात मोकळे ठेवून वाचण्याची गरज उरली, तर मुलाला होकार द्यावा. फक्त त्या चष्म्याला मराठी वाचता येते का, हे त्याने आपल्याच वर्तमानपत्राच्या पानावर तपासून घ्यावे.

प्रश्न : माझे पती अंध आहेत. गोळ्यांच्या पाकिटावरील नाव आणि मुदत ते फोनला विचारतात. नवी कृत्रिम बुद्धिमत्तेची ॲप्स फार सफाईने उत्तर देतात, तरी मला भीती वाटते. (मडगाव)

उत्तर : आपली भीती योग्य आहे. चमकणाऱ्या पत्र्यावर प्रकाश परावर्तित होतो, गोळ्यांच्या फुगवट्यांमुळे अक्षरे वाकतात आणि मुदत ठिपक्यांनी किंवा नुसत्या दाबाने उठवलेली असते. म्हणून पाकीट हे कोणत्याही वाचकासाठी छापील पानापेक्षा कठीण आहे. जुन्या पद्धतीची अक्षरओळख चुकली की निरर्थक अक्षरे ऐकू येत आणि ऐकणारा सावध होई. चित्र पाहून वाक्ये रचणारी नवी प्रारूपे मात्र न दिसलेल्या जागी शक्य वाटेल असे काहीतरी भरू शकतात, आणि ते तितक्याच आत्मविश्वासाने बोलतात. वाचन-उपकरण घडवणाऱ्यांनी ‘दिसले नाही’ असे म्हणण्याची सोय त्यात ठेवलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. सफाईदार उत्तरापेक्षा ती अधिक महत्त्वाची आहे.

घरी एवढे करावे : औषध आणल्या दिवशीच डोळस व्यक्तीने नाव आणि मुदत पाहून पाकिटाला ब्रेलची चिठ्ठी किंवा वेगवेगळ्या प्रकारे बांधलेले रबरबँड लावावेत. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातील सर्वाधिक खपाच्या ३०० औषधांच्या वेष्टनावर क्यूआर कोड बंधनकारक झाला असून त्यात औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत यांचा समावेश असतो. कोडमधील मजकुरात अंदाजाला जागा नसते, म्हणून जिथे तो असेल तिथे आधी तोच वाचावा आणि चित्र ओळखणाऱ्या ॲपकडे नंतर जावे. शंका राहिल्यास औषध दुकानदाराला विचारल्याशिवाय गोळी घेऊ नये.

प्रश्न : आमच्या शासनमान्य वाचनालयात दोन अंध सभासद आहेत. त्यांच्यासाठी वाचन-यंत्र घ्यावे की पुस्तके स्कॅन करून द्यावीत? स्कॅन केल्यास लेखक-प्रकाशकांचा आक्षेप येईल का? (सिंधुदुर्ग)

उत्तर : शक्य तिथे स्कॅन करून द्यावीत. यंत्र घेतले तर प्रत्येक सभासद प्रत्येक पान नव्याने कॅमेऱ्यासमोर धरणार आणि त्याच चुका पुन्हा ऐकणार. आपण एकदा स्कॅन करून शुद्ध केलेला मजकूर त्याच्या साध्या फोनवरही नीट वाचता येतो. कायद्याची अडचण नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आलेल्या तरतुदीनुसार शासनमान्य ग्रंथालयांना अपंग व्यक्तींसाठी वाचता येण्याजोग्या स्वरूपात प्रत तयार करून ती ना-नफा तत्त्वावर देता येते. अट एवढीच की प्रत त्याच वाचकांपर्यंत राहील, सर्वसाधारण बाजारात जाणार नाही, याची काळजी ग्रंथालयाने घ्यावी, आणि पैसे घेतलेच तर निर्मितीच्या खर्चापुरते घ्यावेत. याच हेतूने २०१३ मध्ये झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होता.

स्कॅन करण्यापूर्वी २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन संग्रहात ते पुस्तक आधीच आहे का ते पाहावे. नसल्यास इंचाला ३०० बिंदूंवर करड्या छटांत स्कॅन करावे. जुन्या खिळेछपाईच्या पुस्तकांत तुटलेल्या वेलांट्या निव्वळ काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये आणखी तुटतात. मग मराठी निवडून अक्षरओळख चालवावी आणि मजकूर मूळ पुस्तकाशी ताडून पाहावा. हे काम वाचनालयाचे नियमित वाचक आनंदाने करतात. फाइल युनिकोडमध्ये, प्रकरणांना शीर्षक-शैली लावून ठेवावी, म्हणजे सभासदाला एका प्रकरणावरून दुसऱ्यावर जाता येईल, आणि मूळ पृष्ठांक मजकुरात राहू द्यावेत, कारण वाचनकट्ट्यावर चर्चा होते तेव्हा सगळे जण पान क्रमांकानेच बोलतात.